ओरडली नाही म्हणून?

पोलीस ठाणं, कोर्ट-कचेरी म्हटलं की आपली माणसं दूर सरकतात. पण बलात्काराचा कायदा साऱ्या देशात बदलला तो आपल्या झाडीपट्टीतल्याच एका मजूर मुलीमुळे, हे किती जणांना माहीत आहे? गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लाईनवर वडसा लागतं, म्हणजेच देसाईगंज. तिथली ही हकीकत. तेव्हा हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं.

२६ मार्च १९७२ ची रात्र. मुलगी आदिवासी, आईबाप नसलेली. डॉक्टरांनी वय काढलं चौदा ते सोळा. तिला पळवून नेल्याची तक्रार भावानं दिली, म्हणून सगळ्यांना ठाण्यात आणलं. जबान्या होता होता साडेदहा वाजले. बाकीच्यांना जायला सांगितलं, हिला मात्र आत ठेवून घेतलं. दार लागलं, दिवे विझले. एका शिपायानं बलात्कार केला आणि हवालदारानं अंगाला हात घातला, असं तिनं बाहेर येऊन सांगितलं. लोक जमले, तेव्हा कुठं तिची फिर्याद लिहून घेतली गेली.

१९७४ साली सेशन कोर्टानं तिलाच खोटारडी ठरवलं आणि दोघांना सोडलं. १९७६ साली नागपूरच्या हायकोर्टानं ते फिरवलं. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं सांगून शिपायाला पाच वर्षं आणि हवालदाराला एक वर्ष शिक्षा दिली. पण १५ सप्टेंबर १९७८ रोजी सुप्रीम कोर्टानं दोघांनाही निर्दोष सोडलं. कारण काय, तर अंगावर जखम नाही, ती ओरडली नाही.

आता तुम्हीच सांगा, ओरडायचं कोणासाठी? ज्याच्याकडे फिर्याद न्यायची, तोच वर्दी घालून समोर उभा!

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. १९८० साली गावोगावच्या बाया रस्त्यावर आल्या. निकाल फिरला नाही, पण १९८३ साली कायदा फिरला. पोलिसांच्या ताब्यातल्या बलात्काराला कमीत कमी दहा वर्षं शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं कोर्टात 'माझी संमती नव्हती' म्हटलं, तर कोर्टानं ते धरून चालायचं, असं ठरलं. पीडितेचं नाव छापायलाही बंदी आली, म्हणून मीही इथं तिचं नाव लिहीत नाही.

२०२४ पासून नवी संहिता आली, तरी हे संरक्षण कायम आहे. आपल्या सालेकशातल्या आयाबहिणींनी आणखी तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. साक्षीदार बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं. सूर्य मावळल्यावर बाईला अटक करायची तर खास कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. आणि फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्यायची.

या कायद्याचा फायदा त्या मुलीला स्वतःला मिळाला नाही. तो आपल्या लेकींना मिळायचा असेल, तर कायदा घरात बोलला गेला पाहिजे.