लोखंडाचा ढीग

'हर्रास' हा शब्द मराठीत आता जुन्या कागदांत आणि काही ग्रामपंचायतींच्या नोटिशींतच भेटतो. चिंचेच्या झाडांचा हर्रास, आठवडी बाजाराचा हर्रास. मूळचा तो अरबी. सौदीत तो 'हराज' म्हणून जिवंत आहे, आणि त्याच्या शेजारी 'दलाल', 'अस्ली', 'ऐब' ही आपली मंडळीही सुखाने नांदतात. त्यामुळे तबूकच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात मराठी माणसाला निम्मं अरबी न शिकताच कळतं. उरलेल्या निम्म्यात दोन वाक्प्रचार मात्र महत्त्वाचे आहेत. एक 'कोम हदीद', म्हणजे लोखंडाचा ढीग. दुसरा 'सुक्कर फी मोया', पाण्यातली साखर. दलाल हे ओरडला की समजायचं: गाडी आहे तशी, लोखंडाचा ढीग समजून घ्या. उद्या इंजिन धूर ओकायला लागलं तर तक्रार ऐकली जाणार नाही. विरघळलेली साखर कोणी परत काढून देतं का?

ही आरोळी म्हणजे खरं तर एक जुनी कायदेशीर पळवाट आहे. इस्लामी कायद्यात 'खियार अल-ऐब' नावाचा हक्क आहे: मालात लपलेला दोष निघाला तर खरेदीदाराला सौदा मोडता येतो. ऑटोमन काळातल्या 'मजल्ला' या संहितेत (१८६९ ते १८७६) तो कलमवार मांडलेला आहे. विकणाऱ्याने आधीच 'लोखंडाचा ढीग' म्हणून टाकलं की त्या हक्काची धार बोथट होते. अर्थात दोष ठाऊक असून लपवला असेल तर असं म्हणून सुटका नाही, असं अनेक धर्मशास्त्री बजावतात. आपल्याकडच्या १९३० च्या मालविक्री कायद्याची वाट उलटी: सोळाव्या कलमातले अपवाद सोडले तर ग्राहकाने स्वतः डोळे उघडे ठेवावेत. मला विचाराल तर तत्त्व तबूकचं चांगलं, पण बाजारात उभं असताना आपला १९३० चा कायदा लक्षात ठेवलेला बरा.

आता या बाजारात जुनी आणि मोलाची गाडी म्हणजे कुठली? इथे त्याचं उत्तर जवळजवळ एकच आहे, टोयोटा लँड क्रूझर. त्यामागे इतिहास आहे. दमास्कसहून मदिनेकडे निघालेली हेजाझ रेल्वे १९०६ मध्ये तबूकला पोचली आणि १९०८ मध्ये मदिनेला. पहिल्या महायुद्धात ती जागोजागी उखडली गेली. १९१८ मध्ये तबूकच्या उत्तरेला मुदव्वराच्या परिसरात अकाबाहून आलेल्या ब्रिटिशांच्या रोल्स-रॉईस चिलखती गाड्यांनी तिच्या ठाण्यांवर हल्ले केले. वाळवंटात मोटार काय करू शकते हे या मुलखाने पाहिलं ते असं. युद्धानंतर या भागातली रेल्वे काही पुन्हा नीट उभी राहिली नाही. तबूकचं स्टेशन आज संग्रहालय म्हणून बघायला मिळतं. म्हणजे उंटावरून उतरलेला माणूस आगगाडीत फार काळ बसलाच नाही, तो सरळ ट्रकमध्ये आणि जीपमध्ये चढला.

त्याच सुमारास जपानमध्ये टोयोटाची 'बीजे' ही जीपसारखी गाडी १९५१ मध्ये फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढून गेली होती, आणि १९५४ मध्ये तिला लँड क्रूझर हे नाव मिळालं. १९५५ मध्ये जेद्दाच्या अब्दुल लतीफ जमील यांनी टोयोटाची वितरणाची एजन्सी घेतली. १९६० मध्ये आली ४० मालिका, आणि ती १९८४ पर्यंत चालली. सहा सिलिंडरचं ३.९ लिटरचं पेट्रोल इंजिन, १९७५ पासून ४.२ लिटरचं. पाट्यांच्या स्प्रिंगा, जाड चौकट, आणि हातोडा-पान्याने दुरुस्त होईल असा एकूण कारभार. तिच्या पिकअपला इथे आजही 'शास' म्हणतात. चासीचाच तो अरबी अवतार. अमेरिकेतल्या लिलावांत २०१० नंतरच्या दशकात उत्तम पुनर्बांधणी केलेल्या एफजे-४० ला लाख डॉलरच्या आसपास बोली लागू लागल्या, आणि मग वाळवंटात पडून असलेल्या गाड्यांकडे सगळ्यांचंच लक्ष गेलं.

'वाळवंटातली गाडी, गंज नाही' हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी हमखास असतं. ते अर्धसत्य आहे. (गंज हा माझ्या पीएचडीचा विषय, तेव्हा थोडं सहन करा!) डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या ब्रिटिश संशोधकाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद झपाट्याने गंजू लागतं. त्याखाली वेग फारच मंद. तबूक शहर समुद्रापासून दूर, सुमारे पाऊणशे दशक, म्हणजे ७५०-८०० मीटर उंचीवर, पाऊस नावालाच. इथे पत्रा चाळीस वर्षंही टिकतो. पण याच प्रांताला तांबड्या समुद्राचा लांबलचक किनाराही आहे: हक्ल, दुबा, अल-वजह, उमलुज. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असतं आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच हवेतलं पाणी शोषू लागतं. म्हणजे मिठाचा थर बसलेल्या पत्र्याला व्हर्ननचा आकडा वाचवत नाही. तेव्हा गाडी 'तबूकची' आहे यापेक्षा ती तबूकच्या कुठल्या गावात वाढली हे विचारावं. मुंबईच्या फियाटवाल्यांना हे सांगायला नको. कुर्ल्याला तयार झालेली पद्मिनी टॅक्सी दाराच्या खालच्या कडेपासून कशी कुरतडली जायची हे आपण वर्षानुवर्षं पाहिलंच आहे. २००३ मध्ये ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी २० वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली.

कोरडी हवा पत्रा राखते, पण बाकीचं खाते. रबर तडकतं, डॅशबोर्ड फुटतो, तारांवरचं आवरण हात लावताच भुगा होतं, ब्रेकच्या सिलिंडरातले वॉशर वाळून जातात. बारीक धूळ पुढच्या चाकांच्या सांध्यातल्या ग्रीसमध्ये मिसळली की तिथे पॉलिशपेपरच फिरत राहतो. हे सगळं बदलता येतं, फक्त पैसे लागतात. जे बदलता येत नाही ते मूळचं अंग. सौदी बाजारात त्यासाठी नेमका शब्द आहे: 'बोयत अल-वकाला', एजन्सीचा म्हणजे कारखान्याचा रंग. तो उडालेला, खडूसारखा झालेला असला तरी चालेल, कारण त्याच्याखाली काय आहे हे तो लपवत नाही.

मूळचं म्हणजे किती मूळचं, या प्रश्नावर लंडनला १९९० मध्ये खटला झाला. १९२९ आणि १९३० असं दोनदा ल मान्स जिंकलेली बेंटली, 'ओल्ड नंबर वन'. एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. १९३२ च्या अपघातानंतर आणि त्याआधीही तिचे भाग इतके बदललेत की मूळचं फारसं उरलेलंच नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. भाग बदलले तरी गाडीचं आयुष्य अखंड चालत आलंय, मधे कुठे तुटलेलं नाही, म्हणून ती तीच. निकाल मला पटतो. पण तो त्या गाडीला लागू पडला कारण तिच्या प्रत्येक बदलाचा माग काढता येत होता. हराजमधल्या गाडीचा माग कोण ठेवतो?

गेल्या हिवाळ्यात माझा एक सहकारी, मूळचा साताऱ्याचा, दोन वर्षांची शिल्लक घेऊन एफजे-४० बघायला निघाला आणि मला बरोबर नेलं. दोन गाड्या होत्या. पहिली आरशासारखी चकचकीत, मागणी दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो; माझं मीटर मागच्या कोपऱ्यावर ८०० दाखवत होतं आणि लोहचुंबक तिथे चिकटायलाच तयार नव्हता. म्हणजे आत पत्रा कमी आणि पुट्टी जास्त. पायाखालचा गालिचा उचलला तर नवीन वेल्डिंग. पुढे उजव्या बाजूला चौकटीवर जिथे चासी नंबर ठोकलेला असतो तिथे ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा. इस्तिमाऱ्यावरचा, म्हणजे नोंदणीपत्रावरचा नंबर ताडून बघायला तिथे धड आकडेच नव्हते. सहकारी म्हणाला, "अरे, पण दिसते काय मस्त!" मी म्हटलं, "दिसायचेच पैसे मागतोय तो."

दुसरी गाडी एका म्हाताऱ्याची. बॉनेटवरचा रंग उडून प्रायमर दिसत होता, डॅशबोर्डला चार भेगा, काचेचं रबर गळून पडलेलं. मागच्या दरवाजाखालची पट्टी आणि पावसाळी पन्हळ्या, जिथे या गाड्या आधी सडतात, तिथे पत्रा टणटणीत. मीटर सगळीकडे १२० च्या आसपास. सहाही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत. चौकटीवरचा नंबर धुळीखाली होता, ओल्या फडक्याने पुसला तर कागदावरच्या नंबराशी आकड्याला आकडा जुळला.

अर्थशास्त्रज्ञ अकेरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्याच बाजारावर तो गाजलेला निबंध लिहिला (२००१ चं नोबेल त्याच कामासाठी): घेणाऱ्याला आतलं कळत नसेल तर तो सरासरी भाव देतो आणि चांगली गाडी बाळगणारा बाजारातून निघून जातो. त्या दिवशी त्याचं प्रात्यक्षिकच झालं. चकचकीत गाडीवाला पाव तासात एक तृतीयांश किंमत उतरला. म्हातारा एक रियालही उतरेना. त्याने फक्त उडालेल्या रंगावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "वकाला." सहकाऱ्याने मागितले तेवढे मोजले, आणि काचेचं रबर शोधायला आम्ही त्याच संध्याकाळी तश्लीहमध्ये, म्हणजे भंगार गाड्यांच्या वाड्यात गेलो. मिळालं नाही, तिथली सगळी रबरंही तितकीच म्हातारी होती.