लोण्याचा डोंगर

डेअरीवर दूध घालताना आपण फॅट आणि भाव बघतो. आजची गोष्ट युरोपातल्या दुधाच्या भावाची. तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो.

दुसऱ्या महायुद्धात युरोपने उपासमार पाहिली. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद शिजवून खाल्ले. असे दिवस पुन्हा नकोत, म्हणून फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली धरून सहा देशांनी 1962 पासून शेतीचं एकच धोरण चालवलं. बाजार पडला तरी ठरलेला भाव, आणि उरलेला माल सरकार घेणार. आपल्या हमीभावासारखंच, फक्त तिथे खरेदी नेमाने व्हायची!

मग काय, जितकं दूध जास्त तितका पैसा जास्त. शीतगृहांत लोणी साचत गेलं. लोक त्याला ‘लोण्याचा डोंगर’ म्हणू लागले. असलीच शिलकीतली दूध पावडर आणि बटर ऑइल आपल्या ऑपरेशन फ्लडला देणगी म्हणून मिळालं. ही योजना 1970 मध्ये सुरू झाली. फुकटची पावडर स्वस्तात ओतली असती तर आपल्या दुधाचा भाव कोसळला असता. डॉ. वर्गीस कुरियन यांनी ते होऊ दिलं नाही. पावडरीचं दूध करून मुंबई, दिल्लीसारख्या शहरांत विकलं आणि तो पैसा गावोगावच्या दूध संस्था उभ्या करायला वापरला.

तिकडे खर्च फुगला. 1980 नंतरच्या काही वर्षांत युरोपच्या सामाईक बजेटचा सुमारे दोन तृतीयांश पैसा शेतीवर जात होता. 1984 मध्ये दुधावर कोटा आला, तो 2015 पर्यंत राहिला. 1992 पासून हमीभाव उतरवून हेक्टरी पैसे देणं सुरू झालं. 2003 मध्ये ठरलं की बरंचसं अनुदान पीक न बघता, जमीन बघून द्यायचं.

इथेच मेख आहे. ज्याची जमीन मोठी, त्याची रक्कम मोठी. थेट अनुदानाचे सुमारे 80 टक्के पैसे 20 टक्के लोकांकडे जातात. आणि युरोपात शेती चालवणारे म्हणून नोंद असलेल्या दहा जणांत बायका तीनच. धारा काढणारी ती, अर्जावर नाव त्याचं, हे तिकडेही चालत आलंय.

2023 च्या नव्या धोरणात थेट अनुदानाचा किमान दहावा हिस्सा लहान-मध्यम शेतकऱ्यांकडे वळवायचं ठरलं. आयर्लंडमध्ये तर यंत्रं आणि गोठ्यासाठी एरवी 40 टक्के अनुदान असतं, पात्र महिला शेतकऱ्याला 60 टक्के मिळतं. मात्र शेतीच्या खात्यावर तिचं नाव असावं लागतं.