‘टेक ऑफ’: घोड्याच्या उडीपासून विमानापर्यंत

इंग्रजीतले ‘टेक ऑफ’ हे क्रियापद विमानापेक्षा बरेच जुने आहे. ‘टेक’ म्हणजे घेणे आणि ‘ऑफ’ म्हणजे एखाद्या गोष्टीपासून अलग. पण दोन्ही जोडले की अर्थाची नुसती बेरीज होत नाही. टोपी काढणे, किमतीतून रक्कम वजा करणे, एखाद्याची नक्कल करणे, घाईने निघून जाणे, या सगळ्यांना हेच दोन शब्द पुरतात. १९व्या शतकात अडथळा ओलांडताना घोडा जमीन सोडतो त्या क्रियेला, तसेच तो जिथून झेपावतो त्या जागेलाही ‘टेक ऑफ’ म्हणू लागले. लांब उडीच्या फळीला आजही ‘टेक ऑफ बोर्ड’ म्हणतात. पाय जमिनीवरून सुटण्याचा हा अर्थ विमान येण्याआधीच तयार होता.

१७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतल्या किटी हॉकजवळ राइट बंधूंचे यंत्र ६० फूट लांबीच्या लाकडी रुळावरून धावले. रूळ चार तुकड्यांचा होता. चौथ्या तुकड्यावर येता येता यंत्राने रूळ सोडला. त्या क्षणाचे छायाचित्र उपलब्ध आहे: ऑर्विल यंत्रावर पालथा पडलेला, विल्बर शेजारी उभा, खाली रिकामा रूळ. ते उड्डाण १२ सेकंदांचे होते आणि अंतर १२० फूट.

पहिले उड्डाण कोणाचे, हा वाद पुढे पेटला तो नेमका जमीन सोडण्याच्या या क्षणावरून. १९०४पासून राइट बंधू मनोऱ्यावरून जड वजन खाली सोडून यंत्राला सुरुवातीचा जोर देऊ लागले. ब्राझीलच्या सांतोस-द्युमाँ यांचे विमान मात्र १९०६ साली पॅरिसमध्ये स्वतःच्या चाकांवर धावून हवेत गेले; १२ नोव्हेंबरला त्याने २२० मीटर अंतर कापले. बाहेरून जोर न घेता जमीन सोडली तेच खरे उड्डाण, असे त्यांचे समर्थक मानतात. पण १९०३च्या यंत्राला असा जोर दिलेला नव्हता. समोरून येणारा जोरदार वारा होता आणि इंजिन त्याचे स्वतःचे होते. त्यामुळे पहिलेपणाचा मान राइट बंधूंनाच द्यावा लागतो.

व्याकरणात ‘टेक ऑफ’च्या ‘काढणे’ आणि ‘उडणे’ या दोन अर्थांची वागणूक वेगळी आहे. टोपी काढायची तर कर्म हवे, आणि ते ‘टेक’ व ‘ऑफ’ यांच्या मधोमधही बसते. विमान उडते तेव्हा क्रियापद अकर्मक असते. उडण्याचा हा अर्थ अर्थशास्त्रातही गेला: १९६० साली अर्थतज्ज्ञ वॉल्ट रोस्टो यांनी आर्थिक विकासाच्या पायऱ्या मांडताना एका पायरीला ‘टेक ऑफ’ हेच नाव दिले. भांडवल गुंतवणुकीचा दर पुरेसा झाला की अर्थव्यवस्था स्वबळावर वाढू लागते, अशी त्यांची कल्पना होती.

मराठीतला ‘उड्डाण’ हा शब्द ‘उत्’ या उपसर्गाने सुरू होतो, म्हणजे तो वरच्या दिशेकडे बघतो. ‘ऑफ’ सुटलेल्या जमिनीकडे बघतो. बोलताना मात्र मराठी माणूस ‘विमानाने टेक ऑफ घेतला’ असे सहज म्हणतो. ‘टेक’मध्ये ‘घेणे’ आधीच आहे, तरी मराठीला नामापुढे आपले क्रियापद हवेच असते.