एका गोळीचा इतिहास

इतिहासाच्या तासाला मुलांना सर्वांत जास्त कंटाळा यायचा तो सनावळ्यांचा. लढाया, तह, राज्यारोहणे, सगळे पाठ करायचे. औषधांनाही सनावळ्या असतात, हे मात्र आमच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हते. आज अशाच एका गोळीचा इतिहास सांगतो. तिचे नाव इमॅटिनिब. आमच्या भावकीतला एक जण कित्येक वर्षे ती रोज घेतो आहे आणि शेतीही बघतो आहे. त्याच्यामुळे हा विषय आमच्या घरात आला. मी बी.ए. झालेला मास्तर, विज्ञानातले जेवढे उमगले तेवढे लिहितो.

शरीरातली पेशी आपल्या मर्जीने वाढत नाही. तिला बाहेरून निरोप यावा लागतो, 'आता वाढ'. विहिरीच्या कामावर घमेली जशी हातोहात जातात, तसा हा निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात जात पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो. गरज संपली की निरोप थांबतो. कर्करोगात पुष्कळदा तो थांबतच नाही. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर चिकटावा तसे होते. पिकाला पाणी नको असले तरी मोटार चालूच, आणि रान चिबडून जाते.

रक्ताच्या एका कर्करोगात हा चिकटलेला स्टार्टर नेमका सापडला. या रोगाला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणतात. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात नोवेल आणि हंगरफोर्ड या दोघांना अशा रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. ते का आखूड झाले हे कळायला १९७३ उजाडले. जॅनेट रौली या शिकागोच्या विदुषींनी दाखवले की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. पुढे १९८०च्या दशकात समजले की या अदलाबदलीत दोन जनुके जोडली जातात आणि त्यातून तयार होणारे प्रथिन 'वाढ, वाढ' असा निरोप अखंड देत राहते. या प्रथिनाला एक खाच असते. तिथे एटीपी नावाचा रेणू येऊन बसला की निरोप पुढे जातो. स्वित्झर्लंडमधल्या कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी त्याच खाचेत बसणारा पदार्थ तयार केला. अमेरिकेतले डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी त्याचा पाठपुरावा केला, १९९८ साली रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या आणि मे २००१मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आखूड गुणसूत्रापासून गोळीपर्यंत ४१ वर्षे! पूर्वी या रोगाचे बहुतेक रुग्ण काही वर्षांतच जायचे. आता ज्यांना गोळी लागू पडते, त्यांतले बरेच जण जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतात.

इतिहास इथे संपला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. गोळी निघाली, पण ती मुखेडच्या माणसाला परवडणार कशी? २००३ साली नोव्हार्टिस कंपनीला या औषधाच्या भारतातल्या विक्रीचा एकाधिकार मिळाला. महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये! मी तेव्हा नोकरीत होतो. एवढ्या पैशांत मास्तराचे आठ-दहा महिन्यांचे पगार निघाले असते. कंपनी अनेक रुग्णांना औषध फुकट देत असे, हेही खरे. पण कुणाच्या कृपेवर मिळणारे औषध आणि दुकानातून विकत घेता येणारे औषध यांत फरक आहेच. भारतीय कंपन्या तीच गोळी महिन्याला ८-१० हजारांत देऊ शकत होत्या. त्यांतली नॅटको ही हैदराबादची. मुखेड १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे हैदराबाद आम्हाला परके नाही.

मग मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था पुढे झाली आणि तिने पेटंटला हरकत घेतली. ओळखीच्या पदार्थाचे केवळ नवे रूप काढून पेटंट मिळत नाही, त्याने औषधाचा गुण वाढायला हवा, असे आपल्या कायद्याचे कलम ३(ड) सांगते. जानेवारी २००६मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळून लावले.

त्याआधी वर्षभर मुंबईत आणखी एक निकाल लागला होता. सोराफेनिब हे औषध यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या वाढलेल्या कर्करोगावर देतात. गाठीला वाढीचा निरोप मिळतो तो ते अडवते, शिवाय गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या मागवते, तो निरोपही अडवते. बायर कंपनीची किंमत महिन्याला २,८०,४२८ रुपये होती. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटकोला सक्तीचा परवाना दिला, भारतातला पहिलाच, आणि किंमत ठरली ८,८८० रुपये.

औषध कंपन्यांचे म्हणणे असते की नफा नसेल तर संशोधन कोण करील? प्रश्न खोटा नाही. पण ज्याच्या घरात रुग्ण आहे त्याला जमीन विकायची की माणूस गमवायचा, एवढाच प्रश्न दिसतो. आणि हे भांडण संपलेले नाही. कर्करोगही हुशार आहे. कधी त्या खाचेचाच आकार बदलतो, मग इमॅटिनिब तिथे बसत नाही आणि दुसरी गोळी लागते. ती पुन्हा नवी, पुन्हा महाग.

शेवटी नातेवाइकांसाठी एक गोष्ट. आमच्या त्या भावकीतल्या माणसाने एकदा 'रिपोर्ट चांगला आला, आता कशाला गोळी?' म्हणून ती बंद करायचे ठरवले होते. सुनेने वेळीच डॉक्टरांना फोन लावला म्हणून निभावले. ही गोळी स्टार्टर दुरुस्त करत नाही, नुसती खाच अडवून बसते. ती उठली की मोटार पुन्हा सुरू होऊ शकते. काही रुग्णांची गोळी डॉक्टर वारंवार रक्त तपासत थांबवतातही, पण ते त्यांनी ठरवायचे, आपण नाही. एवढी वर्षे खपून लोकांनी ही गोळी आपल्या हातात आणून ठेवली आहे. ती रोज आठवणीने घ्यावी, इतकेच.