पीतपिंडाचा अस्त

जें उत्पन्न होतें त्याच्या उत्पत्तीचा शोध मनुष्य प्रथम घेतो. त्याच्या लयाची चौकशी तो सावकाश करतो. अंडाशयांतील पीतपिंडाचा इतिहास याच क्रमानें घडलेला आहे.

हॉलंडांतील डेल्फ्ट शहरीं वैद्यकी करणारा रेनियर द ग्राफ यानें १६७२ सालीं आपल्या ग्रंथांत या पिंडाचें तपशीलवार वर्णन केलें, आणि पुढल्याच वर्षीं, अवघ्या ३२ व्या वर्षीं, तो निवर्तला. पिंवळ्या रंगावरून पिंडास नांव मिळालें. पण त्याचें कार्य कळण्यास २०० वर्षांहून अधिक काळ लागला. १९०३ सालीं ब्रेस्लाउच्या लुडविग फ्रेंकेलनें दाखविलें कीं, गाभण सशिणीचे पीतपिंड काढून टाकले तर गर्भ टिकत नाहीं. गर्भास आधार देणारें त्यांतील द्रव्य, प्रोजेस्टेरोन, १९३४ मध्यें शुद्ध स्वरूपांत हातीं आलें.

उत्पत्ति आणि कार्य हीं समजलीं, लयाचें काय? गर्भ न राहिल्यास स्त्रीचा पीतपिंड सुमारें १४ दिवसांत क्षीण होऊं लागतो व शेवटीं पांढुरका वण तेवढा उरतो. लिओ लोब यानें १९२३ सालीं गिनीपिगचें गर्भाशय काढलें, तों पीतपिंड जगतच राहिला! म्हणजे त्या प्राण्यांत नाशाची आज्ञा गर्भाशयांतून सुटते. मेंढींतील हा आज्ञावाहक प्रोस्टाग्लँडिन नांवाचें द्रव्य होय, हें १९७२ पर्यंत स्पष्ट झालें. गाय माजावर आणण्यासाठीं पशुवैद्य आज त्याचीच सुई टोंचतात. स्त्रीच्या बाबतींत मात्र गर्भाशय काढलें तरी पीतपिंडाचें आयुष्य वाढत नाहीं.

आज्ञा समजली, ती अंमलांत कोण आणतो? बेल्जममधील लूव्हाँ येथें क्रिस्तियाँ द दुव्ह हा उंदराच्या यकृतावर काम करीत होता. एका विकराचें कार्य ताज्या मिश्रणांत मंद दिसे, पण शीतपेटींत कांहीं दिवस ठेवल्यावर तेंच जोरानें वाढे. विकर कोठें तरी कोंडलेलें असलें पाहिजे, असें त्यानें ताडलें. १९५५ सालीं त्या सूक्ष्म पिशव्यांस ‘लायसोझोम’ हें नांव मिळालें, आणि १९७४ सालीं दुव्ह नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी झाला. प्रथिनें, मेद, शर्करा यांचें विघटन करणारीं विकरें या पिशव्यांत असतात. आम्ल वातावरणांतच तीं नीट चालतात.

मग क्षीण होणाऱ्या पीतपिंडांतही हीं विकरें वाढलेलीं आढळलीं. पिशव्या फुटतात व पेशी आपल्याच रसांत विरघळते, असा तर्क निघाला. दुव्हनें त्यांना आत्मघाताच्या पिशव्या म्हटलेलेंच होतें.

परंतु घटनांचा क्रम तपासतां चित्र पालटलें. प्रोजेस्टेरोन आधीं घटतें. ऊतकाची मोडतोड मागाहून होते. शिवाय पेशी नियमबद्ध रीतीनें मरतात, ही कल्पना १९७२ सालीं केर, वायली व करी यांनीं मांडली, आणि त्या मरणाचीं मुख्य विकरें निराळींच निघालीं. लायसोझोमकडे मोठा वाटा उरला तो आवराआवरीचा: पेशींतील जीर्ण भाग पचविणें आणि भक्षक पेशींनीं गिळलेले अवशेष नाहींसे करणें.

अपराध्याजवळ सांपडला म्हणून कोणी अपराधी ठरत नाहीं, हा न्यायासनाचा नियम शास्त्रासही लागू आहे. आणि ही झाडलोट क्षुल्लक नव्हे. मागील पीतपिंडाचा अंमल सरल्यावांचून पुढील बीजांड पक्व होऊन बाहेर पडत नाहीं. जुन्याचा व्यवस्थित अस्त हीच नव्याची पूर्वतयारी होय.