पोटभर म्हणजे किती ?

राजे किती झाले, लढाया कोठे झाल्या आणि तह कोणत्या साली झाले, ह्याला आपण शाळेत इतिहास म्हणतो. मीही ३६ वर्षे तोच शिकवीत आलो. परंतु ज्या घरांतून ते शिपाई लढाईवर गेले, त्या घरांत दिवेलागणीला चूल पेटल्यावर तव्यावर काय पडत होते, ते किती माणसांत वाटले जात होते आणि सर्वांना वाढून झाल्यावर टोपल्यात काय उरत होते, हे सांगणारे पान पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. आज श्रोत्यांपुढे एवढाच एक प्रश्न ठेवावयाचा आहे : भुकेल्या कुटुंबाला जेवू घालावयाचे, तर पोटभर म्हणजे किती ? ह्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या घरांनी दिले आणि दुसरे सरकारदरबारी ठरत गेले. ही दोन उत्तरे फार वेळा जुळली नाहीत, आणि न जुळण्याची किंमत कोणी दिली, हेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम घरचे उत्तर पाहू. ग्रंथांत ते मिळणे कठीण. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातील ग्रंथ राजाच्या ताटाचे मोठे तपशीलवार वर्णन करतो. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले, आणि १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे ‘गृहिणी-मित्र’ आले. पुस्तके मोलाची खरी. पण पाककृतींचे पुस्तक विकत घेणारा वाचक म्हणजे ज्याच्या कोठीत काही शिल्लक आहे असा. ज्या घरात काय करावे ह्यापेक्षा किती पुरेल हा प्रश्न मोठा, तेथील शास्त्र कागदावर उतरले नाही. ते बायकांच्या हातात राहिले आणि मापांत राहिले.

मापे म्हणजे दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. गावोगावी त्यांत थोडेफार अंतर असे. ही वजने नव्हेत. धान्य भरून मोजण्याची भांडी होत. सुगी झाली की बलुतेदारांचा वाटा जाई, सरकारचा सारा आणि सावकाराचे देणे जाई, आणि उरलेले धान्य पेवात, कणगीत किंवा भिंतीतल्या बळदात पडे. तेथून पुढची सुगी येईपर्यंत ते पुरविणे, ह्याचे नाव बेगमी. घरातील कर्ती बाई रोज सकाळी मापट्याने दाणे काढी, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे त्या दिवसाची भूक असे आणि आषाढ-श्रावणातली रिकामी कणगीही असे. उन्हाळ्यात घातलेले सांडगे, पापड आणि कुरडया ही चैन नव्हती. पावसात भाजी मिळणार नाही म्हणून केलेली ती तरतूद होती.

देशावर ह्या जेवणाचा कणा म्हणजे जोंधळा. गव्हाच्या कणकेला जो ताण असतो, तो जोंधळ्याच्या पिठाला नसतो. म्हणून पीठ ऊन पाण्यात मळावे लागते, चांगले रगडावे लागते आणि भाकरी हातावर किंवा परातीत थापावी लागते. पीठ शिळे झाले की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी चिरते. ह्याचा अर्थ असा की दळण साठवून ठेवण्याची सोयच नव्हती. गावात पिठाची गिरणी येईपर्यंत बायका पहाटे अंधारात उठून जात्यावर बसत, ह्याचे हे एक साधे कारण आहे. आपण ओव्यांचे कौतुक करतो ते योग्यच. परंतु त्या ओव्यांखाली रोजची दोन-अडीच शेर धान्याची मजुरी होती, हे विसरू नये.

नुसत्या भाकरीने पोट भरते, पण अंग भरत नाही, हेही घराला ठाऊक होते. जोंधळ्यात एका आवश्यक प्रथिनघटकाची जी उणीव आहे, ती डाळी भरून काढतात, हे आज शास्त्र सांगते. घराने ते अनुभवाने साधले होते : भाकरीबरोबर तुरीची आमटी, हरभऱ्याच्या डाळीचे पिठले, हुलग्याचे माडगे, घोटभर ताक. तिखटाला मिरची. ही मिरची पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात आपल्याकडे आली आणि अशी रुळली की ती परकी होती हे आज कोणास खरेही वाटणार नाही. खाणारी तोंडे वाढली की आमटीत तांब्याभर पाणी वाढे, भाकरीऐवजी कण्या शिजत, पिठाची आंबील होई. पाणी वाढविणे हे गरिबाच्या स्वयंपाकातील मोठे कौशल्य होते. पण त्यालाही एक सीमा असतेच.

ती सीमा १८७६ साली ओलांडली गेली. पाऊस गेला. सोलापूर, कलादगी, सातारा, नगर आणि पुणे ह्या जिल्ह्यांत पीक बुडाले आणि पेवे उघडी पडली. सरकारने खडी फोडण्याची, तलाव खणण्याची कामे काढली. तेव्हा प्रश्न आला की कामावरच्या माणसाला दिवसाला किती द्यावे. ह्याचा निकाल लावण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांनी १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल ह्यांना मद्रास व मुंबई इलाख्यांत धाडले. हेच टेंपलसाहेब १८७४ साली बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशाचा तांदूळ सढळपणे आणून लोकांना वाचविणारे होते. परंतु त्या वेळी फार खर्च केला म्हणून त्यांच्यावर टीका झाली होती. ह्या खेपेस त्यांनी हात आखडला. मद्रास इलाख्यात पुरुषाला दीड रतल धान्याच्या हिशेबाने मजुरी मिळत होती, ती त्यांनी एक रतल धान्य आणि वर एक आणा अशी केली. स्त्रियांना व मुलांना त्याहून कमी.

एक रतल म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. तेवढ्या जोंधळ्यातून साधारण १५०० उष्मांक मिळतात. जड काम करणाऱ्या पुरुषाला सुमारे ३४७० उष्मांक लागतात, असे आपल्या वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेले प्रमाण आहे. त्या काळची माणसे आजच्याहून सडपातळ होती असे धरले आणि वरच्या आण्यात मीठमिरची व थोडी डाळ आली असे मानले, तरी उन्हात दिवसभर खडी फोडणाऱ्याची तूट भरून निघत नाही. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी हे त्याच वेळी निक्षून सांगितले, आणि नुसते धान्य पुरणार नाही, डाळही हवी, असा आग्रह धरला. काही महिन्यांनी तेथे प्रमाण वाढवावे लागले. इकडे मुंबई इलाख्यात मजुरी घटविल्यावर हजारो मजूर कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. भुकेने जीव जात असता माणसे काम का सोडतात, ह्याचे अधिकाऱ्यांना आश्चर्य वाटले. एका भाकरीच्या कामाला दीड भाकरी खर्च होत असेल, तर घरी स्वस्थ पडून राहणे हाच शहाणपणा ठरतो. हा हिशेब निरक्षर मजुराला कळला होता.

त्याच वर्षी दुसरेही एक माप वापरात होते. सावित्रीबाई फुले ह्यांनी २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर भागातील ओतूर येथून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. दुष्काळाने गांजलेल्या त्या मुलखात सत्यशोधक मंडळी मदतीचे काम करीत होती. पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांना शिजविलेले अन्न घालण्याची व्यवस्थाही त्यांनी केली. सरकार धान्य तोलत होते. येथे मूल पंगतीस बसत होते. तराजू कितीही अचूक असला तरी समोरच्याचे पोट भरले की नाही, हे तो सांगत नाही. ते वाढणाराला विचारावे लागते.

पुढे रतलाची गाठ शहरी घरांशीही पडली. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तेथून येणारा तांदूळ थांबला. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे एक रतल धान्य, हाच आकडा त्या वर्षीच्या सरकारी समितीनेही धरला होता. १९४६ साली तो १२ औंसांवर आला. ह्या व्यवस्थेला नावे ठेवणारे पुष्कळ होते. खडे, मातकट तांदूळ आणि रांगा ह्यांच्या तक्रारी खऱ्याच होत्या. परंतु त्याच १९४३ साली बंगालात, जेथे वेळेवर वाटप झाले नाही, लाखो माणसे मेली, हे ध्यानात घेतले म्हणजे अपुऱ्या मापाचीही किंमत कळते. आमटीत पाणी घालणाऱ्या बाईला निदान डाळ मिळाली पाहिजे, आणि ती मिळवून देणे एकट्या घराच्या आवाक्यातले नसते.

१९७२ चा दुष्काळ माझ्या स्मरणातला आहे. मी तेव्हा सहावीत होतो. रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याची भाकरी काळपट होई आणि गार झाली की वातड लागे; आई ती ताकात कुस्करून देई. कामावर मजुरांना सुकडी मिळे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. हाल पुष्कळ झाले, पण १८७७ प्रमाणे गावेच्या गावे ओस पडली नाहीत. वि. स. पागे ह्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूर येथे ज्या रोजगार हमीचा प्रयोग केला होता, ती ह्या आपत्तीत राज्यभर पसरली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला.

आता राहिला घराच्या उत्तरातला दोष, आणि तो झाकून चालणार नाही. घरचे माप सर्वांना पोटभर पाहत होते, पण मोजणाऱ्या बाईला त्यातून वगळत होते. आधी पुरुष, मग मुले, मग सुना, अशी पंगत उठे. कमी पडले तर ते शेवटच्या ताटात कमी पडे, आणि ते ताट कोणाचे हे ठरलेलेच असे. ह्याची नोंद कोणत्याही दुष्काळी अहवालात सापडावयाची नाही. म्हणूनच मला पुढील गोष्ट महत्त्वाची वाटते. १९९५ साली शाळकरी मुलांसाठी पोषणाहार योजना निघाली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी महिन्याला ३ किलो कोरडे धान्य घरी दिले जाई. ते घरात जाई आणि घराच्या रीतीनेच वाटले जाई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आज्ञा केली की शाळेत शिजविलेलेच जेवण द्यावे, आणि त्यात किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत. पुढे आमच्या शाळेत खिचडी शिजू लागली. पंगतीत मुलगी मुलाशेजारी बसे, तिच्या ताटात तेवढेच पडे, आणि ती पुन्हा मागू शके.

श्रोते हो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज धान्य पिशवीतून येते आणि माप वाटीवर आले आहे. परंतु पायलीने मोजलेल्या व मिलो खाल्लेल्या वृद्ध स्त्रिया अजून काही घरांत आहेत. त्यांच्याजवळ बसून विचारा : किती माणसे जेवत होती, मापटी किती लागत, दुष्काळात काय शिजले, आणि तुम्ही कधी जेवत होता ? उत्तरे वहीत तारीख घालून लिहून ठेवा. शेवटचा प्रश्न विचारण्यास मात्र चुकू नका. तो त्यांना आजवर फारसा कोणी विचारलेला नसेल.