वेडा कोण, हे ठरवणार कोण?

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून मामेबहिणीचा फोन आला. मुलाची झोप उडालेली, कॉलेज सुटलेलं. तावीज बांधून झाला, दर्ग्यावर मन्नत मागून झाली. "भाईजान, आता डॉक्टर बघायचाय. पण खरा कुठला, खोटा कुठला, कसं ओळखू?"

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. एकदा तो खुद्द छत्रपतींच्या बाबतीत पडला होता.

चौथे शिवाजी महाराज १८७१ साली दत्तक आले, तेव्हा आठ वर्षांचे होते. वयात येता येता त्यांना वेड लागल्याचं बोललं जाऊ लागलं. 'केसरी' आणि 'मराठा'नं वेगळीच शंका घेतली: महाराज वेडे नाहीत, त्यांचा छळ होतोय आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत. त्यासाठी छापलेली पत्रं कोर्टात बनावट ठरली. माफी मागूनही टिळक-आगरकरांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातले ते १०१ दिवस शाळेच्या पुस्तकात असतात. महाराजांचं पुढं काय झालं, ते सहसा नसतं.

त्याच वर्षी सरकारनं त्यांना कारभारास असमर्थ ठरवून रीजन्सी कौन्सिल नेमलं. मग त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात हलवलं. तिथं २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. वय अवघं वीस. त्यांच्या जागी दत्तक आलेला मुलगा म्हणजे पुढचे शाहू महाराज, ज्यांनी आपल्या मुलांसाठी मुस्लिम बोर्डिंग काढलं.

महाराज खरंच आजारी होते का? पत्रं खोटी होती म्हणून छळ झालाच नाही, असं मला म्हणवत नाही. आणि छळ झाला म्हणून आजार नव्हता, असंही नाही. खरी अडचण अशी की हे निःपक्षपातीपणे तपासणारा कोणी नव्हता. लाइपझिगची वुण्टची मानसशास्त्राची प्रयोगशाळा तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांची. निदान करणारे आणि राज्य हाकणारे एकाच सरकारचे. १८५८चे वेड्यांविषयीचे कायदे ब्रिटिश मुलखातल्या सामान्य माणसासाठी निदान कोर्टाची चौकशी तरी सांगत होते. छत्रपतींच्या वाट्याला तीही नव्हती.

वैद्याची परीक्षा घ्यावी, हा विचार मात्र जुना आहे. ९३१ साली बगदादमध्ये चुकीच्या उपचारानं एक रुग्ण दगावला. खलिफा अल-मुक्तदिरनं फर्मान काढलं की सिनान इब्न साबितनं परीक्षा घेतल्याशिवाय कोणी वैद्यकी करायची नाही. आठशेहून अधिक वैद्य परीक्षेला बसले म्हणतात. हा वारसा आपण अभिमानानं सांगतो. पण ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका निवासात साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, तेही आपल्याच अंगणात घडलं.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी घातली. माणसाचं राजकीय वा सामाजिक स्थान किंवा त्याचा धर्मसमूह बघून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असंही त्यात लिहिलंय. हे कलम वाचताना मला नगरचा किल्ला आठवतो.

बहिणीच्या कामाचा कायदा त्याआधीचा, १९९२चा. सायकॅट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर; औषध तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतो आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरात लागते. नोंदणीशिवाय हे काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. (हजार रुपये! यावर काय बोलावं.) नुसतं 'कौन्सेलर' अशी पाटी लावायला मात्र कोणी अडवत नाही, घोळ तिथंच होतो. मी तिला म्हटलं, आधी सीपीआरच्या मनोविकार विभागात दाखव, पैसे फार लागणार नाहीत. रात्री-अपरात्री काही झालं तर १४४१६ वर टेलिमानसला फोन लाव. आणि बाहेर कुठंही गेलीस तर नोंदणी क्रमांक माग.

तिनं मागितला. पहिल्या ठिकाणी साहेबांना राग आला. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी ड्रॉवरमधून प्रमाणपत्र काढून समोर ठेवलं. शनिवारी साडेचारची वेळ मिळालीय.